हत्तीसाठी पाणी, शेतकऱ्यासाठी भिंत

नामिबियातील लोकाधारित वन्यजीवसंवर्धन आणि तेथे सेवेसाठी जाऊ पाहणारी तरुण पिढी

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते विमानाने भारतात आले आणि मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आले. भूगोलाच्या पुस्तकाबाहेर ज्यांनी नामिबियाचे नाव कधी ऐकले नव्हते, त्यांच्याही घरी ते त्या दिवशी पोहोचले. मात्र एक प्रश्न त्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही. ज्या देशातील बहुसंख्य ग्रामीण कुटुंबे शेळ्यामेंढ्या आणि गुरे पाळून जगतात, त्या देशात दुसऱ्याला देण्याइतके चित्ते उरले कसे? चित्ता हा कळपाचा शत्रू. तो दिसताच बंदूक उचलावी, हीच तेथील शेतकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. ती रीत बदलली कशी, याचे उत्तर कोणत्याही अभयारण्याच्या कुंपणाआड सापडत नाही. ते शेतकऱ्याच्या गोठ्यात, गावाच्या सभेत आणि विहिरीच्या काठावर सापडते.

हे उत्तर आज अनेक व्यापारी कुटुंबांना जवळून समजून घ्यावेसे वाटण्याचे कारण आहे. पदवी घेतलेली किंवा दुकानाची जबाबदारी घेण्यापूर्वी थोडे जग पाहू इच्छिणारी मुले-मुली परदेशात वन्यजीवसेवेसाठी जाण्याची परवानगी घरी मागू लागली आहेत. वडीलधाऱ्यांसमोर प्रश्न उभे राहतात. इतक्या दूर कशासाठी? पैसे देऊन सेवा करायची, ही कुठली पद्धत? तेथील अन्नपाण्याचे काय? आणि ज्या सेवेला जीवदया म्हणावे, ती खरोखर जीवदयाच असेल याची खात्री काय? हे सर्व प्रश्न रास्त आहेत, आणि नामिबियाच्या उदाहरणावरून त्यांची बरीचशी उत्तरे मिळतात.

वाळवंटातील एक विरळ देश

नामिबिया आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आहे. क्षेत्रफळ सुमारे ८ लाख २५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटींहून अधिक. लोकसंख्या मात्र ३० लाखांच्या आसपास. पश्चिमेला नामिब वाळवंट, पूर्वेला कलहारी. मोठ्या भूभागात नद्या आहेत, पण त्यांचे पात्र वर्षातील बहुतेक दिवस कोरडे असते. पाणी वाळूखाली वाहते आणि त्याच्या आधाराने पात्रालगत झाडे तग धरून राहतात. उगाब, हुआब, होआनिब अशा या नद्यांच्या काठाने वाळवंटी जीवनाला सरावलेले हत्ती फिरतात.

हा देश २१ मार्च १९९० रोजी दक्षिण आफ्रिकेच्या अमलातून स्वतंत्र झाला. त्यापूर्वीची व्यवस्था विषम होती. १९७५ च्या कायद्याने गोऱ्या जमीनदारांना आपल्या शेतावरील वन्यप्राण्यांवर हक्क मिळाले होते. पर्यटनातून वा अन्य मार्गाने त्यांच्यापासून उत्पन्न घेण्याची मोकळीक त्यांना होती. ज्या सामाईक जमिनींवर कृष्णवर्णीय समाज राहत असे, तेथील प्राणी मात्र सरकारचे. हत्तीने शेत तुडवले तर नुकसान गावकऱ्याचे, आणि हत्ती पाहायला येणाऱ्याचा पैसा दुसऱ्याचा. अशा हिशेबात प्राण्यावर प्रेम करायला कोणाला सांगणार?

१९८० च्या आसपास वायव्येकडील काओकोफेल्ड प्रदेशात भीषण दुष्काळ पडला. हिंबा आणि हेरेरो पशुपालकांची बहुतांश गुरे मेली. बाहेरून आलेले चोरटे शिकारी, सत्तेतील काही माणसे आणि उपाशी गावकरी या सर्वांचा भार एकाच वेळी वन्यप्राण्यांवर पडला. हत्ती आणि काळे गेंडे झपाट्याने घटले.

या काळात गार्थ ओवेन-स्मिथ या संवर्धनकर्त्याने एक साधा मार्ग धरला. त्याने बंदूकधारी पोलीस मागवले नाहीत. तो गावप्रमुखांकडे जाऊन बसला. जोशुआ कांगोम्बे यांच्यासारख्या प्रमुखांना प्राणी नाहीसे होत असल्याची खंत होतीच. गावप्रमुखांनी आपल्याच माणसांतून रक्षक निवडावेत, त्यांनी प्रमुखांनाच जबाबदार राहावे, आणि मोबदला म्हणून त्यांना शिधा व थोडी रोख रक्कम द्यावी, असे ठरले. निवडलेल्यांपैकी काही जण पूर्वी स्वतः शिकार करणारे होते. माग काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. चोरट्या शिकारीला काही वर्षांतच आळा बसला. पुढे ओवेन-स्मिथ आणि मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट जेकबसन या दोघांना १९९३ साली गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

हक्क मिळाला तेव्हा राखण सुरू झाली

या अनुभवाला १९९६ साली कायद्याचे रूप आले. सामाईक जमिनीवरील गावकऱ्यांनी आपली हद्द ठरवावी, सभासदांची नोंद करावी, समिती निवडावी, घटना लिहावी आणि मिळणाऱ्या लाभाची वाटणी कशी होणार याचा आराखडा द्यावा. तसे केले की आपल्या क्षेत्रातील वन्यजीवांवरील मर्यादित हक्क आणि त्यापासूनचे उत्पन्न त्यांचे. अशा संस्थेला तेथे कॉन्झर्व्हन्सी म्हणतात. १९९८ मध्ये पहिल्या चार कॉन्झर्व्हन्सींची नोंदणी झाली. आज त्यांची संख्या ८६ आहे आणि देशाच्या सुमारे २० टक्के भूभागावर त्या पसरल्या आहेत. १९९५ च्या सुमारास देशात साडेसात हजारांच्या घरात असलेले हत्ती आज २४ हजारांवर गेले आहेत. संरक्षित उद्यानांबाहेर मुक्तपणे फिरणारे काळे गेंडे जगात सर्वाधिक आहेत ते याच देशाच्या वायव्य भागात. त्यांच्या रक्षणासाठी १९८२ साली ब्लाइद लाउटिट यांच्या पुढाकाराने ‘सेव्ह द ऱ्हायनो ट्रस्ट’ उभा राहिला. त्यानेही पूर्वीच्या शिकाऱ्यांनाच माग काढणारे म्हणून नेमले.

व्यापारी कुटुंबांना या व्यवस्थेतील एक गोष्ट विशेष ओळखीची वाटेल. प्रत्येक कॉन्झर्व्हन्सीतील रक्षकाजवळ ‘इव्हेंट बुक’ नावाची वही असते. कोणता प्राणी कोठे दिसला, कोणाची शेळी मारली गेली, कोणाचे शेत तुडवले, कोठे फासा सापडला, हे सारे तो रोज त्या वहीत लिहितो. रोजच्या नोंदींवरून महिन्याचा गोषवारा आणि महिन्यांवरून वर्षाचा आलेख तयार होतो. वर्षअखेर वहीची तपासणी होते आणि आलेख गावासमोर ठेवला जातो. ही पद्धत दोन हजार सालाच्या सुमारास रुजली. महागडी यंत्रे न वापरता, कागद-पेन्सिलीवर आणि जागच्या जागी हे काम चालते. रोजकीर्द आणि खतावणी नीट असेल तर पेढीची खरी स्थिती कळते. जंगलालाही तोच न्याय लागू आहे. शिवाय ही वही गावातच राहते. संशोधक ती भरून परदेशी घेऊन जात नाही.

हत्ती टाकी का फोडतो?

सगळेच सुरळीत आहे, असे मात्र नाही. प्राणी वाढले तसा शेजारही वाढला, आणि शेजार वाढला की तंटेही वाढतात. उगाब नदीच्या परिसरात अनेक दशके हत्ती नव्हते. १९९० नंतर ते हळूहळू दक्षिणेकडे परतू लागले. दरम्यान तेथे राहणाऱ्या कुटुंबांच्या एक-दोन पिढ्यांनी हत्ती पाहिलाच नव्हता. त्याच्यासमोर कसे वागावे, त्याच्यापासून अंतर किती ठेवावे, याचे पारंपरिक ज्ञान पुसले गेले होते.

या भागात कुटुंबे शेळ्या, मेंढ्या, काही गुरे आणि गाढवे पाळतात. पाण्यासाठी बोअर, त्यावर पवनचक्की किंवा डिझेलचा पंप, शेजारी साठवणीची टाकी. पूर्ण वाढलेला हत्ती दिवसाला दीडशे ते दोनशे लिटर पाणी पिऊ शकतो आणि जमिनीखालच्या पाण्याचाही वास त्याला लागतो. टाकीच्या तोंडाशी सोंड पोहोचली नाही तर तो टाकी पाडतो, नळ उखडतो, कधी पवनचक्कीचे खांब वाकवतो. त्याच्या दृष्टीने हा गुन्हा नाही, तहान आहे. पण वाळवंटात पंप मोडला म्हणजे सुटे भाग शेकडो किलोमीटरवरून येईपर्यंत कळप पाण्याविना. लहान शेतकऱ्याचे त्यात कंबरडे मोडते. मग तो वनखात्याकडे तक्रार करतो, आणि असा ‘उपद्रवी’ हत्ती गोळी घालून मारण्याचा परवाना निघू शकतो. शेतकऱ्याची टाकी वाचली असती तर हत्तीही वाचला असता.

या जागी स्वयंसेवकाचे काम सुरू होते. ‘एलिफंट ह्यूमन रिलेशन्स एड’ ही संस्था या भागात काम करते. तिच्याकडे येणाऱ्या स्वयंसेवकाचा मुक्काम साधारण दोन आठवड्यांच्या फेरीत बसवलेला असतो. पहिला आठवडा बांधकामाचा. बोअर, पंप आणि टाकीभोवती दगड व सिमेंटची जाडजूड भिंत उभारायची. दगड गोळा करणे, वाळू चाळणे, घमेली वाहणे, गारा कालवणे हे काम स्वयंसेवकांचे. भिंत ओळंब्यात आणि मजबूत ठेवणे अनुभवी स्थानिक माणसांचे. भिंतीआड शेतकऱ्याची यंत्रसामग्री सुरक्षित राहते आणि हत्तींसाठी पाण्याची वेगळी सोय केली जाते, जेणेकरून तहानलेल्या प्राण्याला काही न मोडता पाणी मिळावे.

दुसरा आठवडा पाहणीचा. कोरड्या नदीपात्रातून गाडीने हत्तींच्या कळपांचा माग काढायचा. कानाच्या कडेवरील खाचा, सुळ्यांचा आकार आणि शेपटीचे केस यांवरून एकेक हत्ती ओळखायचा. नवे पिल्लू झाले का, कोणी नाहीसे झाले का, कळप कोणत्या वस्तीकडे सरकतो आहे, याची नोंद करायची. ती नोंद पुढे शेतकऱ्यांना सावध करण्यासाठी उपयोगी पडते. रात्री उघड्या आकाशाखाली झोप, अंघोळीला मोजके पाणी, भोवती मैलोन्‌मैल शांतता.

या कामात डोळे दिपवणारे काही नाही. हत्तीच्या पाठीवर हात फिरवायला मिळत नाही, त्याला खाऊ घालायला मिळत नाही. आठवडाभर दगड वाहिल्यावर एका अनोळखी शेतकऱ्याच्या टाकीभोवती एक भिंत उभी राहते, एवढेच. पण त्या भिंतीमुळे एका कुटुंबाचे पाणी टिकते आणि हत्तीविरुद्धची एक तक्रार कमी होते.

कुत्र्याने वाचवलेला चित्ता

चित्त्यांची कहाणीही याच धर्तीची आहे. ओत्जिवारोंगो शहराजवळ ‘चीता कॉन्झर्व्हेशन फंड’ ही संस्था आहे, डॉ. लॉरी मार्कर यांनी ती १९९० साली स्थापन केली. चित्ते वाचवण्यासाठी शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही, हे तेथे लवकर ओळखले गेले. १९९४ पासून या संस्थेने शेतकऱ्यांना तुर्कस्तानी जातीचे राखणदार कुत्रे देण्यास सुरुवात केली. कंगाल आणि अनातोलियन या जातींचे पिल्लू काही आठवड्यांचे असतानाच शेळ्यामेंढ्यांत ठेवले जाते. ते त्यांच्यातच वाढते आणि कळपाला आपले कुटुंब समजते. चित्ता जवळ आला की कुत्रा कळप आणि चित्ता यांच्या मध्ये उभा राहून मोठ्याने भुंकतो. चित्त्याचे सारे जगणे वेगावर अवलंबून. पायाला जखम झाली तर त्याला उपाशी मरावे लागते. म्हणून तो झुंज टाळतो आणि निघून जातो. शेळी वाचली, चित्ताही वाचला. कुत्रे मिळालेल्या शेतकऱ्यांचे नुकसान मोठ्या प्रमाणात घटले आणि त्यांची बंदूक खाली आली.

या संस्थेतही स्वयंसेवक जातात. शेळ्यांची देखभाल, कुत्र्यांचे संगोपन, कॅमेऱ्यांतील छायाचित्रांची छाननी अशी कामे असतात. मात्र तेथे अनाथ चित्तेही सांभाळले जातात आणि त्यांच्यासाठी मांस तयार करण्याचे काम स्वयंसेवकांच्या वाट्याला येऊ शकते. ज्याला ते करावयाचे नाही, त्याने अर्ज करतानाच तसे स्पष्ट लिहावे. तेथे पोहोचल्यावर संकोचाने सांगणे दोन्ही बाजूंना अवघड जाते.

अवघड प्रश्न: शिकारीचा पैसा

येथवरचे चित्र कोणत्याही जीवदयाप्रेमी घराला आवडेल. पण नामिबियाच्या व्यवस्थेची दुसरी बाजू डोळ्याआड करून कोणी तेथे जाऊ नये. कॉन्झर्व्हन्सींचे उत्पन्न मुख्यतः दोन वाटांनी येते: पर्यटन आणि शिकार. सरकारने ठरवून दिलेल्या संख्येइतक्या प्राण्यांच्या शिकारीचा हक्क कॉन्झर्व्हन्सी परदेशी शिकाऱ्यांना विकते. त्यातून समितीचा खर्च आणि रक्षकांचे वेतन निघते; मांस सभासदांत वाटले जाते. डिसेंबर २०२० मध्ये सरकारने दुष्काळ आणि वाढती संख्या ही कारणे देऊन १७० हत्ती विक्रीस काढले. २०२४ च्या दुष्काळात ८३ हत्तींसह ७२३ वन्यप्राणी मारून मांस वाटण्याचा निर्णय जाहीर झाला.

अहिंसेचे संस्कार घेऊन वाढलेल्या तरुणाला हे पचणे कठीण आहे, आणि ते पचावेच असा आग्रह कोणी धरू नये. परंतु गावकऱ्याची बाजू ऐकून घेणे आवश्यक आहे. २०२० मध्ये महामारीने पर्यटन थांबले, तेव्हा अनेक गावांचे उत्पन्न एका रात्रीत आटले. रक्षकांचे पगार देण्यासाठी मदतनिधी उभारावा लागला. प्राण्यांपासून काहीच मिळत नसेल तर माणसे पुन्हा जास्त गुरे पाळतील, फासे लावतील आणि सगळेच प्राणी जातील, असे शिकारीचे समर्थक म्हणतात.

केनियाने वेगळा रस्ता निवडला. त्या देशाने १९७७ सालीच शिकारीवर बंदी घातली. नैरोबी आणि मोम्बासात शतकाहून अधिक काळ नांदलेल्या जैन व्यापारी कुटुंबांना तो निर्णय ठाऊक आहे. तेथे मसाई मारा परिसरातील अनेक कॉन्झर्व्हन्सी पर्यटन व्यावसायिकांकडून जमिनीचे भाडे घेतात आणि ते थेट जमीनमालक कुटुंबांना मिळते. एकही प्राणी मारावा लागत नाही. ही मोठी जमेची बाजू होय. पण केवळ बंदीने प्राणी वाचत नाहीत, हेही केनियानेच दाखवले. १९७७ ते २०१६ या काळात तेथील चराऊ प्रदेशांतील वन्यप्राणी सरासरी दोन-तृतीयांशांनी घटल्याचे शास्त्रज्ञांच्या पाहणीत आढळले. गुरे, कुंपणे, शेती आणि वस्ती यांनी त्यांची जागा घेतली. बंदुकीविनाही प्राणी नाहीसा होतो. त्याला राहायला जागा उरली नाही म्हणजे झाले.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘शिकार नको’ असे म्हणणाऱ्याने ‘मग तो पैसा कोठून येईल’ या प्रश्नाचे उत्तरही शोधले पाहिजे. तसे प्रयत्न नामिबियात सुरू आहेत. ‘वाइल्डलाइफ क्रेडिट्स’ या योजनेत प्राणी जिवंत राखल्याचा पुरावा दिला की कॉन्झर्व्हन्सीला मोबदला मिळतो. ईशान्येकडील झांबेझी प्रांतात सोब्बे कॉन्झर्व्हन्सीने हत्तींच्या येण्याजाण्याची वाट शेती व वस्तीपासून मोकळी ठेवली आहे. वाटेवर लावलेल्या कॅमेऱ्यांत हत्ती टिपले जातात आणि त्या आधारे गावाला पैसे मिळतात. जिवंत हत्तीची किंमत मेलेल्या हत्तीपेक्षा जास्त ठरावी, यासाठीची ही रचना आहे. पांजरापोळीला वर्षानुवर्षे दान देणाऱ्या समाजाला ती समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की पांजरापोळ सुटका झालेल्या जिवाचे पोट भरते, आणि ही योजना त्याच्यावर सुटकेची वेळच येऊ नये यासाठी शेजाऱ्याचा तोटा आधी भरून काढते.

जेथे सेवेच्या नावाखाली हिंसा होते

शिकारीचा प्रश्न निदान उघड्यावर आहे. त्याहून सावध राहावे असे ठिकाण दुसरेच आहे. दक्षिण आफ्रिकेत काही खाजगी सिंहपैदास केंद्रे परदेशी तरुणांकडून भरपूर शुल्क घेऊन त्यांना ‘अनाथ’ छाव्यांना बाटलीने दूध पाजण्याची ‘सेवा’ देत आली. छावे अनाथ नव्हते. ते जन्मल्यावर लगेच आईपासून तोडलेले होते. मोठे झाल्यावर त्यांतील अनेकांना कुंपणात कोंडून शिकाऱ्यांपुढे उभे केले जाई आणि हाडे परदेशी विकली जात. २०१५ सालच्या ‘ब्लड लायन्स’ या माहितीपटाने हे उघडकीस आणले. २०२१ मध्ये त्या देशाच्या सरकारने अशी बंदिस्त पैदास बंद करण्याचे धोरण जाहीर केले. भाबड्या प्रेमाने दिलेले पैसे कोठवर जातात, याचे हे दाहक उदाहरण आहे.

म्हणून निवडीची पहिली कसोटी सोपी ठेवावी. जेथे वन्य प्राण्याच्या पिल्लाला कुरवाळायला, त्याच्यासोबत छायाचित्र काढायला किंवा त्याच्या पाठीवर बसायला मिळते, तेथे जाऊ नये. चांगली संस्था स्वयंसेवकाला प्राण्यापासून दूर आणि माणसाच्या जवळ ठेवते.

घरातून निघण्यापूर्वी

व्यवहारात मुरलेल्या कुटुंबांनी येथे व्यवहाराचेच डोळे वापरावेत. बहुतेक संस्था स्वयंसेवकाकडून शुल्क घेतात. दगड-सिमेंट, इंधन, गाडी, जेवण आणि स्थानिक कर्मचाऱ्यांचे पगार त्यातून निघतात, त्यामुळे शुल्क घेणे गैर नाही. मात्र त्यातील किती भाग गावात जातो, हे विचारावे आणि उत्तर लेखी मागावे. काम कोणाच्या मागणीवरून ठरले, गावाच्या की संस्थेच्या? स्वयंसेवकामुळे एखाद्या स्थानिक गवंड्याची वा मजुराची रोजी तर जात नाही ना? उत्पन्नात शिकारीचा वाटा आहे का? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारी संस्था विश्वासार्ह समजावी.

दुसरे असे की, दगड वाहणे ही एकच सेवा नव्हे. कॉन्झर्व्हन्सींची एक दुखरी बाजू म्हणजे हिशेब. वार्षिक सभा वेळेवर होत नाहीत, खर्चाचा मेळ लागत नाही, लाभाची वाटणी सभासदांपर्यंत पोहोचत नाही, अशा तक्रारी अनेक ठिकाणी असतात. सनदी लेखापाल झालेली मुलगी किंवा मालाची खरेदी-विक्री लहानपणापासून पाहिलेला मुलगा तेथे काही महिने राहून समितीच्या खजिनदाराला जमाखर्च शिकवू शकला, तर त्याचा उपयोग भिंतीपेक्षाही अधिक काळ टिकेल. अशा दीर्घ कामासाठी १९७० साली स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रमासारखे मार्ग आहेत. त्यात शुल्क द्यावे लागत नाही, उलट निर्वाहभत्ता मिळतो, पण शिक्षण आणि कामाचा अनुभव लागतो.

कागदपत्रांबाबत हयगय नको. वेतन नाही म्हणून पर्यटक व्हिसावर जाता येईल, हा समज चुकीचा आहे. नामिबियात स्वयंसेवकालाही त्यासाठीचा परवाना लागतो आणि तो मिळण्यास वेळ लागतो. पीतज्वराचा प्रादुर्भाव असलेल्या देशातून प्रवास होणार असेल तर लसीचा दाखला जवळ असावा. परततानाही भारतीय विमानतळावर या बाबतीत कडक तपासणी होते आणि दाखला नसल्यास विलगीकरणात राहावे लागू शकते.

अन्नाचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही, पण तो गृहीत धरू नये. मक्याच्या पिठाची घट्ट उकड हे तेथील रोजचे अन्न. तिला ‘पप’ म्हणतात. तिच्याबरोबर सहसा मांस असते. शाकाहार आधी कळवला तर छावणीत डाळी, तांदूळ, भाज्या यांची सोय होते. कंदमुळे वर्ज्य करणाऱ्यांनी नुसते ‘व्हेजिटेरियन’ लिहून थांबू नये. काय चालत नाही त्याची यादी द्यावी. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम असणाऱ्याने तोही आधी सांगावा, कारण छावणीचे जेवण दिवसभराचे काम आटोपून अंधार पडल्यावर होते. दक्षिण गोलार्धात जून-जुलै हा हिवाळा. दिवस लहान आणि वाळवंटातील रात्री कडाक्याच्या थंड. थेपले, खाकरे, भाजणी आणि मेतकूट यांचा डबा सोबत असलेला बरा. चातुर्मासात प्रवास टाळणाऱ्या घरांना मे आणि जूनचा पूर्वार्ध सोयीचा पडतो.

परतल्यावर

अशा मुक्कामाचे खरे मोल परत आल्यानंतर ठरते. जुन्नर परिसरातील उसाच्या फडांत बिबटे राहतात. चंद्रपुरात वाघ शेताच्या बांधापर्यंत येतात. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात हत्ती माडाच्या आणि केळीच्या बागांत शिरतात. तेथील शेतकऱ्याचे दुःख नामिबियातील शेतकऱ्याच्या दुःखाहून वेगळे नाही. वन्यजीव वाचावेत असे सर्वांना वाटते, पण त्याची किंमत मात्र त्या एका घराला मोजावी लागते. दुसरीकडे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि गावाच्या हाती जंगल सोपवले तर ते राखले जाते, हे महाराष्ट्रातच दाखवून दिले. जे पाहण्यासाठी आफ्रिका गाठली, त्याची बीजे घराजवळही आहेत, हे परतलेल्या तरुणाला अधिक नीट दिसते.

जीवदयेचा निधी उभारणाऱ्या मंडळांनी या अनुभवी तरुणांना बोलावून ऐकावे. पांजरापोळीच्या चाऱ्याबरोबरच एखाद्या गावातील शेळ्यांसाठी रात्रीचा मजबूत गोठा, एखाद्या विहिरीला कठडा, मारल्या गेलेल्या वासराची सरकारी भरपाई मिळेपर्यंत शेतकऱ्याच्या हाती तात्काळ थोडी रक्कम, अशी कामेही त्या निधीतून होऊ शकतील. बिबट्याला वाचवण्यासाठी दिलेले दान शेळीच्या गोठ्याला लागले, याचे कोणाला नवल वाटू नये. उगाबच्या काठी टाकीभोवतीची भिंत हत्तीसाठीच बांधली जाते.